‘भ’च्या डोक्यावरची फट

सोमवार, ३ फेब्रुवारी

अक्षर पास झालं. नव्या रुग्णालयातले सगळे फलक माझ्या अरुंद टाइपात होणार. बघूसाहेबांनी ही बातमी कार्यशाळेच्या दारात चपला काढता काढता सांगितली, टाकीत पाणी आलं असं सांगावं तशी. मालकांचं हे नाव मी ठेवलेलं नाही. मी इथं लागले त्याच्या आधीपासून ते चालू आहे, कारण कुठल्याही प्रश्नाला त्यांचं पहिलं उत्तर ‘बघू’ हेच असतं.

“खूश?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“चेहऱ्यालाही कळव जरा.”

जोड्यानं टेबलावर ताल धरला. जोड्या म्हणजे आमच्यातला तिसरा. मी अक्षरं काढते, ती संगणकात बसवून सगळी जोडाक्षरं नीट जुळतात की नाही हे पाहणं त्याचं काम, म्हणून जोड्या. त्याला हे नाव आवडतं. मला टोपणनाव नाही. नसलेलं बरं.

हा टाइप मी मुळात एका वर्तमानपत्राच्या मथळ्यांसाठी काढायला घेतला होता. टाइप पूर्ण व्हायच्या आत वर्तमानपत्र बंद पडलं. मग तो एका नाटकाच्या जाहिरातीवर गेला, मग एका साबणाच्या खोक्यावर. तिथं त्याचं कुणी वाकडं केलं नाही आणि सरळही केलं नाही. रुग्णालयाचं काम वेगळं आहे. बोळ अरुंद, फलक खांबांना आडवे टांगलेले आणि विभागांची नावं ही एवढी लांब. ‘स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र’ एका ओळीत बसवून दाखवा, असं तिथल्या अधीक्षक बाई म्हणाल्या होत्या. नेहमीच्या टाइपात ती ओळ फलक सोडून भिंतीवर चढते. माझ्यात बसते, आणि दोन्ही टोकांना अंगठ्याएवढी जागा उरते.

हा टाइप पहिल्यांदाच अशा ठिकाणी लागणार आहे जिथं तो वाचल्याशिवाय माणसाचं चालणार नाही.

आई आज डॉक्टरांकडे जाऊन आली. पोटात गाठ आहे, काढून तपासायला पाठवतील, हे तिनं ब्लाउजची शिवण उसवल्याच्या सुरात सांगितलं. ऑपरेशन याच रुग्णालयात, मार्चमध्ये, नवी इमारत सुरू झाली की. योगायोग आहे. नोंद असावी म्हणून लिहिते.


गुरुवार, ६ फेब्रुवारी

रुंद अक्षर दोन्ही बाजूंनी दाबलं की अरुंद होतं, असा लोकांचा समज आहे. अधीक्षक बाईंच्या कार्यालयातून आज नमुना म्हणून एक पान आलं. त्यात कुणीतरी नेहमीचं अक्षर संगणकावर चेपलं होतं. उभ्या रेघा काडीसारख्या, आडव्या तुळईसारख्या, ‘क’ची दोन्ही पोटं आत गेलेली. बसच्या दारात अडकलेल्या माणसासारखा दिसत होता बिचारा. अरुंद अक्षर मुळातच अरुंद काढावं लागतं. रेघ किती जाड ठेवली तर आतली पोकळी शिल्लक राहील, हे प्रत्येक अक्षरासाठी वेगळं ठरवावं लागतं. ‘अ’ सोसतो. ‘क्ष’ कुरकुरतो. ‘ज्ञ’ सरळ भांडतो.

‘म’ आणि ‘भ’ यांच्या डावीकडे खाली जी गाठ असते, तिच्यावर दिवस गेला. अक्षर जाड केलं की ती बुजते आणि नुसता काळा ठिपका उरतो. जोड्याची बडबड चालूच होती. ‘गाठ वाढली बघ’, ‘गाठ पसरली’, ‘आपण गाठ काढूनच टाकू या का?’ मी त्याला सांगितलं की यापुढे लूप म्हण.

“का गं? सगळे गाठच म्हणतात.”

“लूप नेमकं आहे.”

“काय नेमकं त्यात? उलट गाठ म्हटलं की चटकन—”

“तू म्हण ना लूप.”

त्यानं माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग लूप म्हणायला लागला. कार्यशाळेत तांत्रिक शब्द ठरलेले असले की काम सोपं होतं.


बुधवार, १२ फेब्रुवारी

आईनं घरातली सगळी कपाटं आवरायला काढली आहेत. बाबांचे कपडे एका खणात, चादरी एका, गॅसवाल्याचा आणि नळवाल्याचा नंबर फ्रिजवर चिकटवलेला. आज बाबांना वॉशिंग मशीन शिकवत होती. बाबा स्टूल घेऊन मशीनसमोर बसले होते, सिनेमा बघायला बसल्यासारखे.

“आधी हे बटण, मग हे. बघताय ना?”

“तू आहेस की लावायला.”

“मी काय कायम घरात असते? बाजारात जाते, इकडे तिकडे जाते.”

“मग आल्यावर लाव. कपडे कुठे पळून चाललेत?”

एरवी ती यावर हसली असती. आज म्हणाली, “बटण दाबा, मी बघते.”

निवृत्त झाल्यापासून तिला रिकामपण सोसत नाही, म्हणून हे असं काहीतरी काढते. मलाही कामाला लावलं. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर नावं हवी होती, “तुझ्या त्या सडपातळ अक्षरात”. डब्यांचे खण अरुंद आहेत, त्यामुळे टाइप तिथं चांगला बसला. ‘साखर’मधला ‘ख’ मात्र अजून सुधारायला हवा, ‘र’ आणि ‘व’ सुटे वाटतात. आईनं प्रत्येक चिठ्ठीवरून बोट फिरवलं.

“छान आहे गं. मी नसले तरी यांना सापडेल.”

ओट्यापासून दारापर्यंत कुठूनही वाचता येईल, असं मी तिला सांगितलं. ती ‘हो का’ म्हणाली आणि डबे पुसत राहिली.


मंगळवार, २५ फेब्रुवारी

फलक तयार झाले. बोर्डवाल्यांच्या शेडमध्ये जाऊन पाहिले. निळ्या पाटीवर पांढरी अक्षरं, आतून दिवे. दिवे अजून जोडलेले नाहीत. पण दिवसाच्या उजेडात ओळीनं भिंतीला टेकवून ठेवलेले पाहिले तेव्हा मी बराच वेळ तिथंच उभी होते. शिरोरेषा पाटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका पातळीत गेली आहे. एकाच जाडीची, कुठं फुगलेली नाही, कुठं निमुळती नाही. लेखणीची ऐट मुद्दामच काढून टाकली होती. आजारी माणसापुढं अक्षरानं ऐट कशाला करायची?

“ताई, हे असं बारीक-उंच अक्षर मी आजवर केलं नव्हतं,” बोर्डवाले म्हणाले. ते पन्नाशीचे आहेत, तरी मला ताई म्हणतात. “दुकानदारांना काय, फुगलेलं लागतं. दुकान नाही चाललं तरी पाटी धडधाकट पाहिजे.”

“वाचायला कसं वाटतं?”

“आता मला सगळं पाठच झालंय. मला काय विचारता!”

मला आनंद झाला हे इथं लिहायला हरकत नाही.


सोमवार, ३ मार्च

आज पहिल्यांदा दिवे लावून पाहिले.

नव्या इमारतीत अजून रंगाचा वास आहे. खालच्या मजल्याच्या लांब बोळात अधीक्षक बाई, बघूसाहेब, बोर्डवाले आणि मी. खिडक्यांना कागद लावलेले, त्यामुळे भरदिवसा अंधार होता. बोर्डवाल्यांनी बटण दाबलं आणि फलक एकामागून एक उजळत गेले.

बोळाच्या पार टोकाला, प्रवेशाजवळ, सगळ्यात मोठा फलक आहे. पेशंटला दाखल करून घेतात ती खोली. त्यावर मी वाचलं : मरती.

डोळे मिटून पुन्हा पाहिलं. मरती.

“भरती,” अधीक्षक बाईंनी मोठ्यानं वाचलं. “भेट कक्ष. भूलतज्ज्ञ. क्ष-किरण. वा! इथून सगळं दिसतंय. आमच्या जुन्या इमारतीत लोक नाकाला पाटी टेकवून वाचायचे.”

“काय मग?” बघूसाहेब माझ्याकडे वळले. आज ते ‘बघू’ म्हणाले नाहीत, हेही नोंदवण्यासारखं आहे.

त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग बोर्डवाल्यांनी वाजवल्या. मग मीही.


मंगळवार, ४ मार्च

सकाळी आल्याबरोबर ‘भ’ उघडून पाहिला. अक्षर बरोबर आहे. ‘म’वर शिरोरेषा सलग जाते. ‘भ’वर डावीकडे ती तुटते, तिथं एक फट असते आणि फटीच्या अलीकडे अक्षराचं वळलेलं डोकं. ‘भ’ला ‘भ’ म्हणायला एवढा एकच पुरावा आहे. अरुंद टाइपात ही फट अरुंदच असणार. पण ती आहे. छापून भिंतीवर लावली, खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेले. दिसते.

दुपारी काहीतरी निमित्त काढून जोड्याला रुग्णालयात नेलं. बोळाच्या टोकाला उभं केलं.

“काय वाचतोस?”

“भरती.”

“नक्की?”

“अगं, भरती लिहिलंय तर दुसरं काय वाचू?” मग त्यानं विचारलं, “तू काय वाचतेस?”

“भरती,” मी म्हटलं.

शक्यता दोन आहेत. एक, अक्षरात दोष आहे आणि शब्द आधीच माहीत असल्यामुळे इतरांना तो दिसत नाही. दोन, अक्षरात दोष नाही. दुसरी शक्यता खरी असेल तर माझे डोळे तपासायला हवेत. झोपही नीट होत नाहीये. आईच्या ऑपरेशनचा या सगळ्याशी संबंध नाही, ती तारीख एकवीस आहे, तिला अजून अवकाश आहे.

दोष असेल तर सांगावं लागेल. फलक तयार आहेत, लागलेत, इमारत सतराला सुरू होते. बघूसाहेबांच्या कपाटात त्यांचा स्वतःचा जुना टाइप आहे. तो आडवा पसरतो, पण त्याच्यावर कधी कुणी बोट ठेवलेलं नाही. मी तोंड उघडलं की ते तो काढतील आणि माझा टाइप पुन्हा साबणाच्या खोक्यावर जाईल. आणि दोष नसताना मी तोंड उघडलं, तर स्वतःचं अक्षर वाचता न येणारी बाई म्हणून माझं नाव होईल. मग मात्र टोपणनाव मिळेल.


गुरुवार, ६ मार्च

आईच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या. दिवसभर नातेवाईक येऊन गेले. संध्याकाळी ती गच्चीवर कपडे काढत होती, मी मदतीला गेले.

“तुझं काय बिनसलंय?” तिनं विचारलं.

“काही नाही. एक अक्षर नीट नाहीये.”

“मग नीट कर.”

“ते नीट नाही की मलाच नीट दिसत नाही, हेच कळत नाहीये.”

तिनं चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. “मग चार लोकांना विचार. पण आधी सांगू नकोस तुला काय वाटतंय ते. एकदा सांगितलं की लोक आपल्याला बरं वाटेल तेच बोलतात. आज सकाळपासून बघतेयस ना, जो येतो तो ‘काही नसणार हो’ म्हणतो आणि चहा पिऊन जातो.”

शेवटच्या वाक्याचा संबंध मला लागला नाही. पण मुद्दा पद्धत म्हणून बरोबर आहे. मी कागदावरचं काळं अक्षर तपासत होते, आणि ज्यांना शब्द माहीत आहे त्यांनाच विचारत होते. दोन्ही चूक. असे शब्द हवेत की ‘भ’ वाचला तरी अर्थ लागेल आणि ‘म’ वाचला तरी लागेल. म्हणजे डोक्याला अंदाज करता येणार नाही, डोळ्यांनाच काम करावं लागेल.

चादर घडी करताना आमची टोकं जुळली नाहीत. ती म्हणाली, “लक्ष कुठंय?” माझं लक्ष शब्दांच्या जोड्या शोधण्यात होतं. मान, भान. माग, भाग. मार, भार. शिवाय ‘ध’लाही तशीच फट असते, ‘घ’ला नसते. घडा, धडा. घन, धन.


शनिवार, ८ मार्च

बोर्डवाल्यांची शेड मागून घेतली. कारण विचारलं नाही त्यांनी, फक्त म्हणाले, “दिवे लागतील? लावतो.” निळ्या पाट्यांवर पांढऱ्यात शब्द कापून बसवले, आतून उजेड दिला, शेडची दारं ओढून घेतली. प्रत्येक पाटीपुढं पुठ्ठा. माणूस दुसऱ्या टोकाला उभा राहणार, बोर्डवाले पुठ्ठा उचलून लगेच खाली सोडणार, माणसानं काय वाचलं ते सांगायचं.

आजूबाजूच्या दुकानांतली माणसं बोलावली. पहिला शेजारचा शिंपी.

“मार,” तो म्हणाला. पाटीवर भार होतं. “मान. घडा. पुन्हा मार. अहो ताई, हे मारामारीचं काय चाललंय?”

पाटीवर दुसऱ्यांदा भार होतं, आणि एकदा धडा.

चष्मेवाल्या दुकानदारीण बाई आल्या. त्यांनी वाचलं, “माग. घन. मान.” त्यांतलं एकच बरोबर. “चष्म्याचा नंबर वाढला की काय माझा,” असं म्हणून त्या चष्मा पुसायला लागल्या. मी म्हटलं, नाही वाढला, तुम्ही बरोबर वाचताय. त्या म्हणाल्या, “मग पाटी चुकीची आहे का?” आणि मी म्हटलं, “हो.”

हे मी इतक्या पटकन म्हटलं, की बोर्डवाल्यांनी पुठ्ठा खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं.

निम्म्याहून जास्त लोकांनी ‘भ’ला ‘म’ वाचलं. दिवे बंद करून, दारं उघडून दाखवलं तेव्हा सगळ्यांनी बरोबर वाचलं. म्हणजे कारण स्पष्ट आहे. कागदावर काळी शाई असते, ती आपल्या जागी बसते. आतून दिवा लागला की पांढरं अक्षर फुगतं, त्याचा उजेड दोन्ही बाजूंनी सांडतो आणि एवढीशी फट बुजून जाते. शिरोरेषा सलग होते. ‘भ’चा ‘म’ होतो. मी टाइप तपासला तो कायम भिंतीवर कागद लावून. दिव्यावर लागणाऱ्या अक्षराची परीक्षा मी शाईत घेतली. अशी चूक आमच्या धंद्यातल्या माणसाकडूनच होऊ शकते.

अक्षर चुकीचं आहे. मला चुकीचं दिसत नव्हतं.

सोमवारी काय होईल कोण जाणे, पण घरी येताना मी रस्त्याच्या कडेला थांबून संत्री घेतली आणि तिथंच उभं राहून दोन खाल्ली. बऱ्याच दिवसांनी कशाला तरी चव लागली.


सोमवार, १० मार्च

बघूसाहेबांना सांगितलं. शेडमधल्या पाट्या दाखवल्या. आधी काही सांगितलं नाही, फक्त वाचायला लावलं. त्यांनी वाचलं, “मान.” मी म्हटलं भान आहे. त्यांनी वाचलं, “मार.” मी म्हटलं भार. मग ते स्टुलावर बसले.

“म्हणजे तिकडे त्या फलकावर…”

“हो.”

“अगं, पेशंट स्ट्रेचरवरून येणार आणि वर बघणार. वर काय, तर हे!”

“हो.”

“‘हो’ काय नुसतं! कुणाला दिसलं नव्हतं. बाईंना दिसलं नाही. मला दिसलं नाही. स्वतः उभं केलेलं घर स्वतःच पाडतेयस तू.”

मी म्हटलं, मला दिसलं होतं. ते म्हणाले, जुना टाइप लावून टाकू, कुणाला कळणारही नाही. मी म्हटलं, जुन्यात प्रसूतिशास्त्र मावत नाही. ते म्हणाले, दोन ओळी करू. मी म्हटलं, पाटी तेवढी उंच नाही. मग ते स्टुलावरून उठले.

“शुक्रवारपर्यंत,” ते म्हणाले. “याच शेडमध्ये, याच दिव्यांवर. शिंप्यानं भार वाचलं तर ठीक. मार वाचलं तर माझा टाइप.”

मग आम्ही अधीक्षक बाईंकडे गेलो. मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्यांनी फक्त बोळात जाऊन तो फलक पाहिला, नीट, मान वाकडी करून. “अगं बाई,” एवढंच म्हणाल्या. मग भूलतज्ज्ञांच्या फलकाकडे वळल्या आणि तोंडावर हात ठेवून हसायलाच लागल्या. “मूलतज्ज्ञ! आमचे डॉक्टर अजून बिनलग्नाचे आहेत हो!” त्यांनी शिपायाला सांगून ‘भ’ असलेल्या सगळ्याच फलकांवर कागद लावायला लावला.


शुक्रवार, १४ मार्च

चार दिवस ‘भ’. नुसती फट मोठी केली तर डोकं सुटून बाजूला पडतं, शेजारच्या अक्षराला जाऊन लागतं. गुरुवारी दुपारपर्यंत काहीच जमत नव्हतं. मग शिरोरेषेच्या बरोबरीनं उभं राहण्याचा ‘भ’चा हट्टच काढून टाकला. डोकं खाली आणलं, शिरोरेषेच्या पातळीच्या चांगलंच खाली, आणि रेषा उजवीकडेच आखडून घेतली. आता उजेड कितीही सांडला तरी त्याला चढून वर पोचायला वाट नाही. ‘ध’लाही तसंच केलं. ‘थ’लाही, तो मागे लागला म्हणून.

गाठीला हात लावायची गरज पडली नाही. लूपला.

जोड्यानं ‘भ’ची सगळी जोडाक्षरं पुन्हा बांधली. ‘भ्र’, ‘भ्य’, ‘ब्भ’, ‘द्भ’. सगळी नवी. त्यानं तक्रार केली नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाला, “त्या दिवशी बोळात तू मरती वाचलं होतंस ना?”

“हो.”

“मग सांगायचं ना.”

“नक्की नव्हतं.”

“नक्की नसतं तेव्हाच सांगायचं असतं गं,” तो म्हणाला आणि संगणक बंद करून गेला. तो नक्की कशाबद्दल बोलत होता हे विचारायला हवं होतं.

आज शेडमध्ये शिंपी पुन्हा उभा राहिला. पुठ्ठा वर, पुठ्ठा खाली.

“भार,” तो म्हणाला. “भान. मान. धडा. अहो, आज हे वेगळंच लिहिलंय!”

शब्द तेच होते. बघूसाहेबांनी शिंप्याला चहा पाजला आणि मला पाठीवर एक थाप मारली, जरा जोरातच. बोर्डवाल्यांनी नवी अक्षरं कापायला घेतली. भरतीचा फलक आधी.


गुरुवार, २० मार्च

आईला दाखल केलं.

प्रवेशातून आत शिरताना मी मुद्दाम मागे राहिले. बाबांच्या हातात पिशव्या होत्या. त्यांनी चालता चालता वर पाहिलं, “भरती. इकडेच गं,” म्हणाले आणि वळले. थांबले नाहीत. वळून पुन्हा पाहिलंही नाही. अक्षरानं करायचं असतं ते एवढंच.

आईनं वर पाहिलंच नाही. तिनं माझा दंड धरला होता.

खिडकीपाशी मात्र कारकुनाला म्हणाली, “वरची ती अक्षरं आहेत ना, आमच्या मुलीनं काढलीयत.”

“कुठली?”

“ती काय, भरती.”

“अच्छा,” तो म्हणाला. “पूर्ण नाव सांगा. वय?”

संध्याकाळी बाबा घरी गेले, मी थांबले. खोलीत दोन खाटा, दुसरी रिकामी. आई उशीला टेकून बसली होती. कपाट नाही, डबे नाहीत, आवरायला काही नाही, त्यामुळे हात मांडीवर.

“घाबरलीयस तू,” ती म्हणाली.

“नाही.”

“मी घाबरलेय. म्हणून विचारलं.”

हा संवाद असा होईल असं मी धरलं नव्हतं. शेवटी म्हटलं, “मग मीही. थोडी.”

“थोडी?”

“बरीच.”

“हं,” ती म्हणाली, “आता बरं वाटलं. घरात मी एकटीच घाबरलेय असं वाटत होतं गेला महिनाभर.”

महिनाभर. मी ते डोक्यात मागे नेऊन पाहिलं. वॉशिंग मशीन, गॅसवाल्याचा नंबर, बाबांचे खण. कुठूनही वाचता येईल, असं मी तिला सांगितलं होतं. मी तिच्या खाटेवर जाऊन बसले. तिनं सरकून जागा केली.


शुक्रवार, २१ मार्च

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले नीट झालं, गाठ तपासायला पाठवलीय.

शुद्धीवर आल्यावर तिनं बराच वेळ बाबांकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलली, “शर्ट उलटा घातलाय तुम्ही.”

खरंच उलटा होता. सकाळपासून आम्हां दोघांनाही दिसला नव्हता.


शुक्रवार, २८ मार्च

आज टाके काढायला आणि निकाल ऐकायला गेलो. डॉक्टरांनी बसा म्हणायच्या आतच सांगून टाकलं. “साधी गाठ होती. वाईट काही नाही. आता फक्त जड उचलायचं नाही.”

बाबा म्हणाले, “म्हणजे?”

“म्हणजे काही नाही. घरी जा.”

बाबांनी पुन्हा ‘म्हणजे?’ विचारलं. आईनं त्यांचा हात दाबला. मी डॉक्टरांच्या टेबलाकडे बघत होते, तिथं पेन होतं, पाण्याचा ग्लास होता, आणि ते सगळं मला अगदी स्वच्छ दिसत होतं.

आईला टाके काढायला आत नेलं, बाबा गाडी बघायला गेले. मी बाहेर बोळात उभी राहिले. भिंतीला टेकून. गर्दीची वेळ होती. माझ्यासमोरून माणसं येत होती, वर बघत होती, वळत होती.

एक वयस्कर गृहस्थ मात्र भरतीच्या फलकाखालीच थांबले होते. एका हातात थर्मास, दुसऱ्यात कपड्यांची पिशवी. येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत होते. मग माझ्याकडे आले.

“बाई, भरतीचं कुठं असतं?”

फलक त्यांच्या डोक्यावर होता. मी वर बोट दाखवलं.

“ते वाचलं हो मी,” ते म्हणाले. “मघाशीच वाचलं. चांगलं मोठं लिहिलंय. पण आत जाऊन काय बोलायचं असतं? मंडळी तिकडे बसल्यात, बाकावर. त्यांचं हृदयाचं आहे. मला आधी कधी असं काही करावं लागलं नाही.”

त्यांची बायको बाकावर बसली होती. पदर खांद्याभोवती घट्ट ओढून घेतलेला, आमच्याकडेच पाहत होती.

“चला,” मी म्हटलं. “मी येते.”

थर्मास मी घेतला. त्यांनी बायकोला हात देऊन उठवलं आणि आम्ही तिघं त्या दाराकडे निघालो. बाई दमत होत्या, त्यामुळे हळूहळू.

“इथं कामाला का तुम्ही?” त्यांनी मला विचारलं.

“नाही. माझी आई आहे आत. ऑपरेशन झालं तिचं.”

“कशी आहे?”

“बरी आहे,” मी म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नसेल असं वाटलं, म्हणून पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. “अगदी बरी आहे.”